फाल्गुन ते चैत्र: फ्लॅटमधली वर्षाची कामं कोणत्या क्रमाने उरकायची?

घोडबंदर_चौदावा_मजला

थंडी सरली, काटेसावर फुलली, म्हणजे कामांची यादी भिंतीवर लागायची वेळ झाली. माझी यादी अशी: वर्षाचा मसाला, एक किलो गव्हाच्या कुरडया, साबुदाण्याचे पळी पापड, बटाट्याचा कीस, मोगऱ्याची छाटणी, एसीची सर्व्हिस, एक रविवार फ्लेमिंगोंसाठी आणि पाडव्याची तयारी. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे हातात फार आठवडे नाहीत. घर ठाण्यात, दोन बेडरूमचं, बाल्कनी दक्षिणेला, पाच फूट रुंद. सोसायटीची गच्ची मिळते, पण आधी अर्ज द्यावा लागतो. यातलं काय आधी, काय नंतर? आणि बाल्कनीत किती उरकेल, कशाला गच्चीच लागेल? जाणकारांनी मापांसकट सांगावं.

खाडीवारा

क्रम ठरवण्याआधी ऊन आणि हवा बघा, क्रम आपोआप ठरेल.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत आपल्याकडे सकाळी वारा पूर्वेकडून, घाटाच्या बाजूने येतो. तो कोरडा असतो. दुपारी समुद्राचा वारा सुरू झाला की हवेत ओल येते. एप्रिलपासून हा समुद्रवारा लवकर सुरू होतो आणि जोरही धरतो, त्यामुळे ऊन कडक असूनही वाळवण नरम राहतं. वाळवणाला तापमानापेक्षा कोरडी हवा जास्त लागते. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीवर वाळवण ढकलणं ठाणे-नवी मुंबईत तोट्याचं. ते देशावर चालतं.

आता तुमच्या दक्षिणेच्या बाल्कनीबद्दल. ठाणं साधारण १९.२ अंश अक्षांशावर आहे. सूर्य जसा उत्तरेकडे सरकतो तसं दक्षिणेच्या बाल्कनीतलं ऊन आखडत जातं. वरचा स्लॅब बाल्कनीच्या फरशीपासून ९ फुटांवर धरला, तर भरदुपारी स्लॅबच्या कडेपासून आत ऊन इतकं येतं:

१५ फेब्रुवारी: साडेपाच फूट
२० मार्च: तीन फूट
१५ एप्रिल: दीड फूट
मेच्या मध्यावर: शून्य, कारण तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. आपल्या भागातला शून्य सावलीचा दिवस तोच.

भरदुपार म्हणजे घड्याळातले बारा धरू नका. आपल्याकडे या दिवसांत सूर्य पाऊणच्या सुमारास सर्वांत वर येतो. कठडा भरीव असेल तर त्याला लागून फेब्रुवारीत दोनेक फूट आणि पाडव्याला फूटभर पट्टा सावलीत राहतो, तोही वजा करा. थोडक्यात, तुमच्या पाच फुटी बाल्कनीत आज पूर्ण ऊन आहे आणि पाडव्याला निम्मंच असेल. बाल्कनीत जे करायचं ते फेब्रुवारीतच. मार्चच्या मध्यानंतरची कामं गच्चीवर न्या आणि गच्चीचा अर्ज आजच टाका.

कांडप

मग मसाल्यापासून सुरुवात करा, कारण मिरचीला सलग तीन दिवसांचं ऊन लागतं आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर डंक्यावर (मसाला कुटून देणाऱ्या गिरणीवर) रांगा लागतात.

प्रमाण, देठ काढलेल्या १ किलो मिरचीला:

ब्याडगी ५०० ग्रॅम (रंग आणि वास), संकेश्वरी २५० ग्रॅम (तिखटपणा), काश्मिरी २५० ग्रॅम (लाली). जास्त तिखट हवा असेल तर काश्मिरीतली १०० ग्रॅम कमी करून तेवढी लवंगी घाला, त्याहून जास्त नको.

धणे २५० ग्रॅम, जिरे ५०, बडीशेप ५०, हळकुंड ५०, मिरी २५, दालचिनी २५, लवंग २०, दगडफूल २०, चक्रीफूल १५, शहाजिरे १५, मसाला वेलची १५, खडा हिंग १५, तमालपत्र १०, नागकेशर १०, मेथी १०, जायपत्री ५, जायफळ एक. सगळं मिळून साधारण दीड किलो मसाला होतो. मांसमच्छी नियमित खाणाऱ्या चौघांच्या घराला वर्षाला दोन-अडीच किलो लागतो, त्या हिशेबाने वाढवा.

वर्षाच्या मसाल्यात खसखस आणि सुकं खोबरं घालू नये असं माझं ठाम मत आहे. दोन्ही तेलकट, पावसाळ्यात खवट होतात आणि सगळी बरणी वाया जाते. लागेल तेव्हा वाटणात घ्या.

खरेदीसाठी ठाण्यात जांभळी नाका, नवी मुंबईत तुर्भ्याचा एपीएमसी मसाला बाजार. मिरची घेताना मूठभर उचलून कानाशी हलवा. बी खुळखुळलं पाहिजे. वजन वाढवायला पाणी मारलेली मिरची मऊ असते, वाजत नाही, दुमडली तरी तुटत नाही. दोन-तीन मिरच्या मोडून आत बघाच. बाहेरून लालबुंद आणि आत राखाडी पूड असेल तर ती बुरशी आहे, सोडून द्या. देठ आणि ओल मिळून किलोमागे शंभर ग्रॅमच्या आसपास घट येते, त्यामुळे थोडी जास्त घ्या.

देठ वाळवल्यानंतर काढा. आधी काढलात तर बी सांडतं आणि उघड्या तोंडातून रात्रीची ओल आत शिरते. रोज संध्याकाळी पाचच्या आत मिरची घरात आणून चादरीत गुंडाळून ठेवा. खाडीकाठी फेब्रुवारीतही पहाटे दव पडतं, रात्रभर बाहेर राहिलेली मिरची दिवसाची कमाई घालवून बसते. तिसऱ्या दिवशी दुपारी मिरची हातात चुरडली की कडकन मोडून तिचे तुकडे झाले पाहिजेत. नुसती दबली तर चौथा दिवस द्या.

चिनीमातीची_बरणी

कांडपदादा, मिरची भाजायची की नाही ते लिहिलं नाहीत. बरेच जण तेलावर परततात.

कांडप

ताई, बरं विचारलंत. तेलावर परतलेल्या मिरचीचा मसाला चवीला खमंग लागतो, पण तीन-चार महिन्यांत संपवायचा असेल तरच. वर्षभर ठेवायचा असेल तर मिरची नुसती उन्हात कडक करायची, किंवा कढई गरम करून गॅस बंद केल्यावर कोरडीच दोन मिनिटं हलवायची. भाजताना एकही मिरची काळी पडली तर काढून टाका, तिचा कडवटपणा अख्ख्या घाण्यात उतरतो.

खडा मसाला मात्र भाजायचाच, आणि प्रत्येक जिन्नस वेगळा. धणे मंद आचेवर वास सुटेपर्यंत. दगडफूल अर्धा मिनिट, आणि त्याआधी ते निवडून, उन्हात तापवून चाळून घ्या, त्यात झाडाची साल आणि माती असते. मेथी बदामी रंगाच्या पुढे गेली की कडू. हळकुंड आणि हिंग हे दोनच जिन्नस अगदी थोड्या तेलात फुलवायचे, म्हणजे डंक्यात फुटतात.

डंका आणि चक्की यांत फरक आहे. चक्कीत दगड तापतो, मसाला गरम होऊन रंग काळपट पडतो. डंक्यात कुटला जातो, कमी तापतो. आधी हळकुंड-हिंग, मग खडा मसाला, शेवटी मिरची असा क्रम सांगा. आपल्या आधी कुणाचा काय घाणा होता तेही विचारा. उखळात उरलेली मिरची किंवा हळद आपल्यात येते, म्हणून उखळ झाडून घ्यायला लावा.

चिनीमातीची_बरणी

भरण्याबद्दल मी लिहिते, कारण मसाला बिघडतो तो बहुतेक इथे.

डंक्यावरून आणलेला मसाला आतून कोमट असतो. तसाच भरला की झाकणाला आतून घाम सुटतो, तो वर ठिबकतो, तिथे गुठळ्या होतात आणि गुठळीतून बुरशी. परातीत किंवा कोऱ्या कागदावर पसरून, वरून सुती कापड टाकून चार-पाच तास पंख्याखाली पूर्ण निववा. बरणी धुऊन दोन दिवस उन्हात वाळवलेली हवी. तळाला हिंगाचा खडा, मग मसाला मुठीने दाबून दाबून, मध्ये एक खडा, वरती एक. दाबून भरला की आत हवा कमी राहते. रोजच्या वापराचा मसाला छोट्या डब्यात काढा, मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडायची, तीही कोरड्या हाताने आणि पावसाची झड नसताना. प्लास्टिकचे डबे नकोत, रंग आणि वास धरतात आणि झाकणं सैल होतात.

सोऱ्या

आता कुरडया. एक किलो गहू म्हणालात, तर शनिवारी कुरडया घालायच्या असं धरून मागे मोजा.

मंगळवारी रात्री गहू निवडून, धुऊन भिजत घाला, पाणी चार बोटं वर. बुधवार, गुरुवार दोन्ही दिवस सकाळी पाणी बदला. पाणी आंबूस वास येणारं, फेसाळ असेल, ते ठीक आहे. बदललं नाही तर मात्र वास कुजका होतो आणि चिकाला लालसर रंग येतो. थंडी अजून रेंगाळत असेल तर एक दिवस वाढवा. खूण अशी: दाणा चिमटीत दाबला की आतून पांढरा चीक टचकन बाहेर आला पाहिजे.

शुक्रवारी सकाळी मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून वाटा. फार वेळ फिरवू नका, कोंडा बारीक झाला तर गाळणीतून खाली उतरतो आणि कुरडया तपकिरी होतात. आधी चाळणीने, मग पातळ सुती कापडाने गाळा. चोथ्यावर पुन्हा पाणी घालून दोनदा पिळा. पातेलं झाकून ठेवा, सात-आठ तासांत चीक तळाला घट्ट बसतो. संध्याकाळी वरचं पाणी ओता, ताजं पाणी घालून ढवळून पुन्हा रात्रभर बसवा. या दुसऱ्या धुण्याने आंबटपणा जातो आणि कुरडई पांढरीशुभ्र होते.

शनिवारी पहाटे वरचं पाणी अलगद काढून टाका. राहिलेला चीक वाटीने मोजा. जेवढा चीक तेवढंच पाणी, जाड बुडाच्या पातेल्यात उकळायला ठेवा. मीठ चवीला कमीच वाटेल इतकं, कारण वाळल्यावर तेच मीठ उठून लागतं. चिमूटभर हिंग. पाणी खळखळलं की आच मंद करून चीक बारीक धारेने सोडा आणि दुसऱ्या हाताने लाकडी उलथण्याने सतत ढवळा. इथे एकट्याने काम होत नाही, दोन माणसं लागतात. झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं वाफ द्या, मध्ये दोनदा ढवळा.

शिजलेला चीक ओळखायचा कसा? कच्चा असतो तेव्हा पांढरट, दुधासारखा दिसतो. शिजत आला की काचेसारखी झाक येते आणि उलथण्यावरून पडताना गोळा तुटत नाही, लोंबतो. ओल्या बोटाने टोचून बघा: बोटाला चिकटला तर अजून वाफ हवी.

सोऱ्याला आतून पाण्याचा हात लावून गरमागरम भरा. गार झालेला चीक दाबताना हात भरून येतात आणि शेव तुटते. सातच्या आत घालून झाल्या तर दिवसभराचं ऊन मिळतं. संध्याकाळी कडा सुटलेल्या असतात, तेव्हाच उलटवा. पुढे दोन दिवस कडक ऊन.

घोडबंदर_चौदावा_मजला

फारच उपयोगी. पळी पापड आणि कीस यांचंही थोडक्यात सांगाल का? आणि गच्चीवर पारव्यांचं काय करायचं?

सोऱ्या

पळी पापड: १ वाटी साबुदाणा रात्री भिजवा, सकाळी ६ ते ७ वाट्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, जिरे, मीठ. पळीतून सोडल्यावर आपोआप पुरीएवढा पसरला पाहिजे. घट्ट असेल तर वाळताना तडकतो, फार पातळ असेल तर कागदाला चिकटून बसतो.

कीस: शीतगृहातला बटाटा घेऊ नका, त्यात साखर वाढलेली असते, कीस तळल्यावर लाल पडतो. नवा, मोठा, लांबट बटाटा घ्या. सोलून थेट पाण्यात किसा, तीन पाण्यांतून धुवा, शेवटच्या पाण्यात तुरटी दोनदा फिरवा. मग उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटंच. जास्त शिजला तर गोळा होतो. हा कीस एका दिवसात वाळतो, म्हणून बाल्कनीत सुरुवात याने करा.

गच्चीची_किल्ली

पारवे आणि धूळ दोन्हींचा विचार करा. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात बांधकामांची बारीक सिमेंटची धूळ दिवसभर उडते, आणि पारव्याची विष्ठा पडलेलं वाळवण टाकूनच द्यावं लागतं, धुऊन वापरू नये.

जुनी मच्छरदाणी किंवा नायलॉनची साडी वरून ताणा, पण वाळवणाला टेकू देऊ नका. चार कोपऱ्यांना प्रत्येकी दोन विटा आडव्या, एकावर एक ठेवल्या की सहाएक इंच अंतर राहतं आणि हवा खेळते. टेकली तर चीक जाळीला चिकटतो आणि कुरडया मोडतात. खाली जाड, कोरा प्लास्टिकचा कागद. जुने फ्लेक्सचे बॅनर कृपा करून वापरू नका, त्यांची शाई गरम झाली की सुटते.

गच्चीत दोरी बांधायला खिळे ठोकू नका. ब्रिकबॅट कोब्याला (गच्चीवर पाणी अडवणाऱ्या विटांच्या तुकड्यांच्या थराला) पडलेलं एक भोक पावसाळ्यात खालच्या फ्लॅटच्या छतातून पाणी काढतं. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग दिला असेल तर त्याची भुकटी निघते, म्हणून खाली आधी चटई, मग कागद.

मोगरावेल

मोगऱ्याची छाटणी आत्ताच, फेब्रुवारी संपायच्या आत. झाड १० इंचांपर्यंत छाटा, उरलेली सगळी पानं हाताने काढा, सुकलेल्या काड्या मुळाशी कापा. मग सात-आठ दिवस पाणी जवळजवळ बंद, माती पार भेगाळू नये इतपतच. हा ताण दिला नाही तर झाड नुसतं पानांनी भरतं. त्यानंतर वरची दोन इंच माती मोकळी करून १२ इंची कुंडीला दोन मुठी कुजलेलं शेणखत आणि एक मूठ नीमपेंड, आणि भरपूर पाणी. दहा-पंधरा दिवसांत फूट येते, पाच-सहा आठवड्यांत कळ्या.

पण खाडीवारा यांनी दिलेला उन्हाचा हिशेब इथेही लागू आहे. मोगऱ्याला सहा तासांचं ऊन हवं. तुमच्या दक्षिणेच्या बाल्कनीत नेमकं कळ्या धरायच्या वेळी, एप्रिलमध्ये, ऊन दीड फुटावर येतं. कुंडी आत भिंतीशी ठेवली तर फुलणार नाही. कठड्याच्या आतल्या बाजूला स्टँड लावून कुंडी कठड्याच्या उंचीवर, अगदी कडेशी आणा. कठड्याबाहेर टांगू नका, चौदाव्या मजल्यावरून कुंडी पडणं फार धोक्याचं.

कोरड्या उन्हात पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी वाढतात. लाल कोळ्याला सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा पुरतो. पिठ्या ढेकणाला १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली नीमतेल आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचे चार थेंब, संध्याकाळीच फवारा. उन्हात फवारलं तर तेलाने पानं करपतात.

थंडहवा

एसीचं थोडक्यात. सर्व्हिस फेब्रुवारीअखेर करा, पहिली उकाड्याची लाट आली की मेकॅनिक मिळत नाही. आतल्या कॉइलची आणि ब्लोअरची पाण्याने धुलाई करून घ्या. निचऱ्याच्या नळीत फुंकर मारून शेवाळ काढायला सांगा, घरात पाणी ठिबकतं ते बहुतेक त्यामुळेच. मेकॅनिक ‘गॅस कमी आहे’ म्हणाला तर आधी गळती दाखवायला सांगा. एसीचा गॅस वापराने संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न बुजवता भरलेला गॅस पुन्हा जातो. ऐरोली, कोपरखैरणे, वाशीच्या खाडीलगतच्या इमारतींत बाहेरच्या युनिटची कॉइल खारट हवेने लवकर गंजते. तिथे बाहेरचं युनिट दर दोन महिन्यांनी साध्या पाण्याने धुवा, वीज बंद करून.

ऐरोली_पूल

फ्लेमिंगोंचा रविवार सुट्टी बघून ठरवू नका, भरतीचं वेळापत्रक बघून ठरवा. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलावर पसरून खात असतात. भरतीने चिखल बुडाला की नवी मुंबईकडच्या पाणथळींवर येतात: नेरुळचा डीपीएस तलाव, सीवूड्सजवळचा टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागचा भाग. म्हणजे काठावरून बघायचे असतील तर भरतीच्या वेळी तिथे जा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जायचं असेल तरी बोटी भरतीच्या पाण्यावरच चालतात, आगाऊ नोंदणी करा. बघताना सूर्य पाठीशी हवा, नाहीतर गुलाबी पक्षी काळे दिसतात. ड्रोन उडवू नका, अख्खा थवा उठतो आणि त्यांचं खाणं मोडतं.

त्याच सकाळी येऊरला जायचा विचार असेल तर दोन्ही एका दिवशी कोंबू नका. पळस-पांगाऱ्यावरचे पक्षी उजाडल्यापासून पहिले दोन तास असतात. आणि येऊर असो की पारसिकचा डोंगर, या दिवसांत गवत वाळून कोळ झालेलं असतं. काडी, सिगारेट काहीही पेटवू नका.

गच्चीची_किल्ली

पाडव्याचं एक राहिलं. चौदाव्या मजल्यावर दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोरात असतो. गुढीची काठी कठड्याला एका ठिकाणी बांधली तर ती फिरते आणि तांब्या निसटतो. दोन फुटांच्या अंतराने दोन ठिकाणी, सुती दोरीने, काठी किंचित आत कललेली ठेवून बांधा. तांब्याच्या आत काठीच्या टोकाला आधी कापड गुंडाळा, म्हणजे तो घट्ट बसतो. कठडा काचेचा असेल तर मोठ्या बादलीत फूटभर ओली वाळू दाबून भरा आणि त्यात पाच फुटी काठी रोवा. साखरेची गाठी पारवे आणि मुंग्या दोन्ही खातात, ती तांब्याला लागून वर बांधा. सकाळी कौपिनेश्वराच्या स्वागतयात्रेला जाणार असाल तर गुढी लवकर उभारा, नंतर स्टेशनकडचे रस्ते गर्दीने भरतात.

घोडबंदर_चौदावा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. मग असं करते: या शनिवारी कीस आणि मोगरा, पुढच्या आठवड्यात मिरची, मार्चच्या पहिल्या शनिवारी गच्चीवर कुरडया. एकच शंका उरली. कुरडया घातल्या आणि दुपारी आभाळ भरून आलं तर?

सोऱ्या

ताई, घाबरू नका. कागदासकट उचलून खोलीत आणा, सोडवायचा प्रयत्न करू नका, ओल्या असताना मोडतात. खिडक्या उघड्या, पंखा पूर्ण वेगात, रात्रभर. वरची कातडी कोरडी झाली की आंबत नाहीत. एसी असेल तर त्याचा ‘ड्राय’ मोड लावा, तो हवेतली ओल खेचतो, मात्र तेव्हा खिडक्या बंद. दुसऱ्या दिवशी ऊन मिळालं की पुढे नेहमीसारखं. दोन दिवस ऊन मिळालंच नाही तर ओव्हनमध्ये ६० अंशांवर, दार बोटभर उघडं ठेवून, तीन-चार तास. त्याहून जास्त तापवलं तर बाहेरून कडक आणि आतून ओल्या राहतात, आणि तळताना मधला भाग फुलत नाही. डब्यात भरण्याआधी एक कुरडई मध्यावर मोडून बघा. कडकन आवाज आला आणि मोडलेल्या जागी चिवट धागा सुटला नाही, तरच भरा.